विद्यापीठीय वैद्यकीय केंद्रातील रोजगारसंधी : जॉन्स हॉपकिन्सच्या अनुभवाचे विवेचन

गोषवारा

मोठे विद्यापीठ आणि त्याच्याशी जोडलेले वैद्यकीय केंद्र हे आज अनेक शहरांतील सर्वांत मोठे रोजगारदाते ठरले आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरातील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ व रुग्णालय हे याचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या संस्थेच्या स्थापनेपासूनचा इतिहास, तेथील रोजगाराचे विविध स्तर, वेतनामागील निधीचे स्रोत, नोकरीचे स्थैर्य आणि शहराशी असलेले नाते यांचे विवेचन केले आहे. अशा संस्थेने किती नोकऱ्या निर्माण केल्या, एवढ्यावरून तिचे रोजगारविषयक कार्य मोजता येत नाही. खालच्या पायरीवर नोकरीस लागलेल्या व्यक्तीला वर चढण्याची वाट तेथे आहे काय, हा अधिक महत्त्वाचा निकष आहे, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजशब्द : विद्यापीठीय रुग्णालय, रोजगाराचे स्तर, निवासी डॉक्टर, संशोधन अनुदान, पदनाम, पदोन्नती.

प्रस्तावना

विद्यापीठातील नोकरी म्हटली की प्राध्यापक आणि रुग्णालयातील नोकरी म्हटली की डॉक्टर, असे चित्र सामान्यतः डोळ्यांसमोर उभे राहते. प्रत्यक्षात या दोन्ही वर्गांची एकूण संख्या अशा संस्थेच्या मनुष्यबळात अल्पच असते. एका प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेमागे तंत्रज्ञ, प्राणिगृहाचे कर्मचारी, हिशेबनीस आणि खरेदी विभाग उभा असतो. एका शस्त्रक्रियेमागे परिचारिका, भूलतज्ज्ञाचे सहायक, उपकरणांचे निर्जंतुकीकरण करणारे कामगार, रक्तपेढीतील तंत्रज्ञ, रुग्णाची ने-आण करणारे कक्षसेवक आणि देयके तयार करणारे लिपिक असतात. विद्यापीठ आणि रुग्णालय एकत्र आले की ही साखळी दुपटीने लांबते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बाल्टिमोर हे पोलाद, जहाजबांधणी आणि बंदर यांवर जगणारे शहर होते. शहरालगतच्या स्पॅरोज पॉइंट येथील बेथलेहेम स्टील कंपनीच्या कारखान्यात १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे ३० हजार कामगार होते. हे त्या काळी जगातील सर्वांत मोठे पोलाद केंद्र मानले जाई. बेथलेहेम स्टीलने २००१ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि मालक बदलत गेल्यानंतर २०१२ मध्ये हा कारखाना कायमचा बंद पडला. दरम्यान शहराची लोकसंख्या १९५० मधील सुमारे ९ लाख ५० हजारांवरून २०२० मध्ये सुमारे ५ लाख ८६ हजारांवर आली. या पडझडीच्या काळात वाढत राहिलेली संस्था म्हणजे जॉन्स हॉपकिन्स. विद्यापीठ आणि आरोग्यसेवा मिळून ५० हजारांहून अधिक व्यक्तींना काम देणारी ही संस्था आज मेरीलँड राज्यातील सर्वांत मोठी खासगी रोजगारदाती आहे. पोलाद कारखान्याची जागा विद्यापीठ व रुग्णालय खरोखर घेऊ शकते काय, हा प्रश्न त्यामुळे केवळ बाल्टिमोरपुरता राहत नाही.

लेखाची उद्दिष्टे

१. विद्यापीठ व रुग्णालय यांच्या संयुक्त रचनेतून रोजगार कसा निर्माण होतो हे समजून घेणे.
२. या रोजगाराचे स्तर, त्यांतील प्रवेशाचे मार्ग व स्थैर्य यांची चिकित्सा करणे.
३. खालच्या स्तरावरून वर जाण्याच्या संधींचे स्वरूप तपासणे व महाराष्ट्राच्या संदर्भात त्याचा विचार करणे.

एक मृत्युपत्र, दोन संस्था

जॉन्स हॉपकिन्स हे बाल्टिमोरमधील व्यापारी आणि बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचे मोठे भागधारक होते. डिसेंबर १८७३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी आपल्या संपत्तीतून ७० लाख डॉलर एक विद्यापीठ व एक रुग्णालय यांसाठी समान वाटून ठेवले होते. रुग्णालयाच्या विश्वस्तांना मार्च १८७३ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्यांनी दोन गोष्टी स्पष्ट केल्या होत्या : रुग्णालयाने गरीब आजाऱ्यांची सेवा लिंग, वय वा वर्ण न पाहता करावी आणि ते पुढे विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयाचा भाग व्हावे. त्यानुसार १८७६ मध्ये विद्यापीठ सुरू झाले, १८८९ मध्ये रुग्णालय व त्याचबरोबर परिचारिका प्रशिक्षण विद्यालय उघडले आणि १८९३ मध्ये वैद्यकीय विद्यालयास प्रारंभ झाला.

वैद्यकीय विद्यालयास झालेल्या विलंबाचे कारण रोजगाराच्या दृष्टीनेही उद्बोधक आहे. विद्यापीठाचा निधी मुख्यतः रेल्वेच्या भागांत गुंतलेला होता. रेल्वेचा लाभांश थांबताच विद्यालयासाठी पैसा उरला नाही. तेव्हा मेरी एलिझाबेथ गॅरेट यांच्या पुढाकाराने स्त्रियांच्या समितीने निधी उभारला आणि त्यातील मोठा वाटा गॅरेट यांनी स्वतः दिला. मात्र त्यांची अट होती की स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश मिळाला पाहिजे आणि प्रवेशासाठी पदवी आवश्यक असली पाहिजे. पहिल्या वर्गातील १८ विद्यार्थ्यांत ३ स्त्रिया होत्या. १९०० मध्ये तेथून पदवी घेतलेल्या फ्लॉरेन्स सेबिन १९१७ मध्ये त्या विद्यालयातील पहिल्या स्त्री पूर्ण प्राध्यापक झाल्या. प्रवेशाचे दार उघडणे आणि प्राध्यापकपदाची पायरी गाठणे यांत चोवीस वर्षांचे अंतर पडले, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

मृत्युपत्रातून आलेले हे द्वैत आजही कायम आहे. विद्यापीठ आणि आरोग्यसेवा या कायद्याच्या दृष्टीने दोन स्वतंत्र संस्था आहेत. रुग्णालयांचे व्यवस्थापन पाहणारी जॉन्स हॉपकिन्स हेल्थ सिस्टिम ही संस्था १९८६ मध्ये स्थापन झाली. तिच्या अखत्यारीत मेरीलँड, वॉशिंग्टन आणि फ्लोरिडा येथील मिळून सहा रुग्णालये येतात. वैद्यकीय विद्याशाखेचे प्राध्यापक हे विद्यापीठाचे कर्मचारी असतात, तर त्याच कक्षात काम करणाऱ्या परिचारिका रुग्णालयाच्या कर्मचारी असतात. एकाच रुग्णाच्या खाटेभोवती उभ्या असलेल्या दोन व्यक्तींची वेतनश्रेणी, रजेचे नियम व निवृत्तिलाभ त्यामुळे भिन्न असू शकतात. नोकरीसाठी अर्ज करणाऱ्याला ‘हॉपकिन्स’ हे एकच नाव दिसते; पण आपला अर्ज कोणत्या मालकाकडे जात आहे, हे त्याने आधी पाहणे आवश्यक ठरते.

रोजगाराचे प्रमुख स्तर

अशा संस्थेतील पदांचे ढोबळमानाने पाच स्तर करता येतात.

पहिला स्तर अध्यापकवर्गाचा होय. यातही सर्व पदे सारखी नसतात. कला, विज्ञान वा अभियांत्रिकी शाखेत सहायक प्राध्यापक म्हणून नेमणूक झालेल्या व्यक्तीच्या संशोधनाचे काही वर्षांनी कठोर मूल्यमापन होते आणि त्यात ती उतरल्यास स्थायी नियुक्ती मिळते. वैद्यकीय विद्याशाखेत मात्र बहुसंख्य अध्यापक रुग्णसेवा करीत शिकवितात आणि त्यांच्या वेतनाचा मोठा भाग रुग्णसेवेच्या उत्पन्नातून किंवा संशोधन अनुदानातून येतो. ‘प्राध्यापक’ हे पदनाम एकच असले तरी त्यामागील आर्थिक आधार भिन्न असतो.

दुसरा स्तर प्रशिक्षणार्थींचा आहे. निवासी डॉक्टर, पीएच.डी.चे विद्यार्थी आणि पीएच.डी.नंतर काही वर्षे संशोधन करणारे अधिछात्र यांचा यात समावेश होतो. हे शिकतही असतात आणि कामही करीत असतात. त्यांच्याविषयी पुढे स्वतंत्र विवेचन केले आहे.

तिसरा स्तर परिचारिका व आरोग्य-तंत्रज्ञांचा. यात परिचारिका, औषधनिर्माते, भौतिकोपचारतज्ज्ञ, श्वसनोपचार तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ, प्रयोगशाळा तंत्रज्ञ असे अनेक व्यवसाय येतात. रुग्णालयातील मनुष्यबळाचा कणा हाच वर्ग होय. यातील बहुतेक पदांसाठी राज्याचा परवाना किंवा मान्यताप्राप्त प्रमाणपत्र लागते. विशेष म्हणजे यांपैकी काही पदांसाठी चार वर्षांची पदवी आवश्यक नसते. दोन वर्षांचा किंवा त्याहून लहान अभ्यासक्रम पुरतो. अल्पशिक्षित कामगाराला मध्यमवर्गीय उत्पन्नापर्यंत नेणारी पायरी याच स्तरावर असते.

चौथा स्तर प्रशासकीय व संशोधन-साहाय्य पदांचा. विभागीय प्रशासक, अनुदानांचा हिशेब पाहणारे अधिकारी, नैदानिक चाचण्यांचे समन्वयक, संख्याशास्त्रज्ञ, माहिती-तंत्रज्ञानातील कर्मचारी, ग्रंथपाल, विद्यार्थी-सल्लागार आणि विमा देयकांसाठी रोग व उपचारांचे संकेतांकन करणारे कर्मचारी यांत मोडतात. वैद्यक न शिकलेल्या पदवीधरांना वैद्यकीय केंद्रात सर्वाधिक वाव येथेच मिळतो. वाणिज्य, संख्याशास्त्र, समाजशास्त्र किंवा भाषा विषयाचा पदवीधरही या स्तरावर उपयोगी ठरतो. परक्या भाषेतील रुग्णांसाठी दुभाषी नेमणे ही तेथील रुग्णालयांची नित्याची गरज आहे.

पाचवा स्तर सेवाकर्मचाऱ्यांचा. सफाई, स्वयंपाकघर, धुलाई, रुग्णवहन, सुरक्षा व इमारत-देखभाल ही कामे या स्तरावर होतात. संसर्ग रोखण्याच्या दृष्टीने सफाई कामगाराचे काम शल्यविशारदाच्या कामाइतकेच आवश्यक असते, हे वैद्यकशास्त्र मान्य करते. वेतनपत्रकात मात्र ते उतरत नाही.

निवासी डॉक्टर : शिक्षण की नोकरी?

‘निवासी डॉक्टर’ हा शब्द मराठीत आज सर्वपरिचित आहे. या पद्धतीला आधुनिक रूप देण्याचे श्रेय विल्यम ऑस्लर आणि विल्यम हॉल्स्टेड या हॉपकिन्समधील अध्यापकांना दिले जाते. जर्मन रुग्णालयांतील प्रथेवरून प्रेरणा घेऊन त्यांनी पदवीधर डॉक्टरांनी रुग्णालयातच राहून, वाढत्या जबाबदाऱ्या घेत वर्षानुवर्षे शिकण्याची व्यवस्था रुजविली. हे डॉक्टर अक्षरशः रुग्णालयाच्या इमारतीत निवास करीत. त्यावरून हे नाव पडले. हॉल्स्टेड यांची रचना पिरॅमिडसारखी होती. तळाशी अनेक जण येत, दरवर्षी काही गळत आणि शेवटी मुख्य निवासी शल्यविशारद एकच होई.

अब्राहम फ्लेक्सनर यांनी १९१० मध्ये अमेरिकेतील व कॅनडातील वैद्यकीय शिक्षणावर जो अहवाल सादर केला, त्यात हॉपकिन्सचे प्रतिमान आदर्श म्हणून समोर ठेवले. फ्लेक्सनर हे स्वतः त्याच विद्यापीठाचे पदवीधर होते. परिणामी विद्यापीठ, रुग्णालय आणि प्रयोगशाळा यांचा संयोग हीच वैद्यकीय शिक्षणाची मान्य पद्धत बनली आणि तिच्याबरोबर निवासी डॉक्टर हा श्रमिकांचा एक नवा वर्गही सर्वत्र पसरला.

या वर्गाच्या कामाचे तास हा दीर्घकाळ वादाचा विषय राहिला. २००३ मध्ये अमेरिकेतील मान्यता मंडळाने निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला सरासरी ८० तासांची कमाल मर्यादा घातली. त्याच वर्षी या मर्यादेच्या उल्लंघनावरून हॉपकिन्सच्या औषधवैद्यक विभागाच्या निवासी कार्यक्रमाची मान्यता काढून घेण्याचा निर्णय झाला आणि सुधारणा केल्यानंतर ती पुन्हा मिळाली. ज्या संस्थेने ही पद्धत घडविली, तिलाच तिच्या मर्यादा मान्य कराव्या लागल्या, ही बाब सूचक आहे. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनीही आपण केवळ विद्यार्थी नसून कर्मचारी आहोत, ही भूमिका घेतली. २०२३ मध्ये मतदान होऊन त्यांची कामगार संघटना अस्तित्वात आली आणि २०२४ मध्ये विद्यापीठाशी तिचा पहिला करार झाला. शिक्षण आणि नोकरी यांतील सीमारेषा धूसर असते तेव्हा तिचा लाभ प्रायः संस्थेला मिळतो. ती स्पष्ट करून घेण्याचे काम त्या पदावरील व्यक्तींनाच करावे लागते, असे या दोन्ही उदाहरणांवरून म्हणता येईल.

पदनाम आणि प्रत्यक्ष काम

रोजगाराच्या स्तरांमधील भिंती किती उंच असू शकतात, याचे प्रसिद्ध उदाहरण व्हिवियन थॉमस यांचे आहे. १९१० मध्ये जन्मलेल्या या कृष्णवर्णीय तरुणाने वैद्यकीय शिक्षणासाठी सुतारकामातून पैसे साठविले होते; महामंदीत बँक बुडाली आणि ती पुंजी गेली. १९३० मध्ये ते नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठात अल्फ्रेड ब्लेलॉक या शल्यविशारदाच्या प्रयोगशाळेत लागले. काम संशोधन-तंत्रज्ञाचे होते. नोंद व वेतन मात्र सफाई कामगाराचे होते.

१९४१ मध्ये ब्लेलॉक हॉपकिन्समध्ये शल्यचिकित्सा विभागप्रमुख झाले आणि थॉमस त्यांच्याबरोबर बाल्टिमोरला आले. त्या काळी या रुग्णालयातील कक्ष वर्णभेदाने विभागलेले होते आणि कृष्णवर्णीय कर्मचारी मुख्यतः सफाईसारख्या कामांवर असत. हृदयदोषामुळे निळ्या पडणाऱ्या बालकांचा प्रश्न बालहृदयरोगतज्ज्ञ हेलन टॉसिग यांनी मांडला. त्यावरील शस्त्रक्रियेचे तंत्र थॉमस यांनी प्रयोगशाळेत कुत्र्यांवर वारंवार प्रयोग करून विकसित केले. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी ब्लेलॉक यांनी पहिली शस्त्रक्रिया केली तेव्हा थॉमस त्यांच्या मागे चौरंगावर उभे राहून प्रत्येक टप्प्यावर सूचना देत होते. पुढे अनेक नामांकित शल्यविशारदांनी या पदवी नसलेल्या तंत्रज्ञाच्या हाताखाली धडे घेतले. तरीही दीर्घकाळ या शस्त्रक्रियेस ब्लेलॉक आणि टॉसिग यांचीच नावे होती. संसार चालविण्यासाठी थॉमस यांना काही काळ ब्लेलॉक यांच्या घरच्या मेजवान्यांत मद्य वाढण्याचे कामही करावे लागले. १९७६ मध्ये विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली आणि वैद्यकीय विद्यालयात अध्यापक म्हणून नेमले. पहिल्या शस्त्रक्रियेस तेव्हा ३२ वर्षे होत आली होती.

ही घटना केवळ एका थोर व्यक्तीवरील अन्याय म्हणून पाहणे अपुरे ठरेल. तिच्यातून रोजगाररचनेतील एक दोष उघड होतो. जेथे पदनाम शैक्षणिक पदवीवरून ठरते आणि पदवीकडे जाण्याचा मार्ग पैशाअभावी वा भेदभावामुळे बंद असतो, तेथे सिद्ध झालेले कौशल्यही वेतनपत्रकावर दिसत नाही. संस्था त्या कौशल्याचा उपयोग करून घेते. परंतु त्यास नाव देत नाही.

निधीचा प्रवाह आणि नोकरीचे स्थैर्य

विद्यापीठीय वैद्यकीय केंद्रातील नोकरी कायमची असते, हा समज तपासून पाहिला पाहिजे. वेतनाचा पैसा मुख्यतः चार वाटांनी येतो : विद्यार्थ्यांचे शुल्क, देणग्या व निधीवरील व्याज, रुग्णसेवेचे उत्पन्न आणि संशोधन अनुदाने. हॉपकिन्सचा संशोधनखर्च अमेरिकेतील विद्यापीठांत अनेक दशके सर्वाधिक राहिला असून अलीकडील वर्षांत तो वार्षिक ३ अब्ज डॉलरच्या पुढे गेला आहे. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेचा त्यात मोठा वाटा आहे. यातील बहुतांश पैसा संघराज्य सरकारचा असतो.

अनुदान विशिष्ट प्रकल्पास व ठरावीक वर्षांसाठी मिळते. त्यातून प्रमुख संशोधक आपला चमू नेमतो. अनुदान संपले आणि नवे मिळाले नाही तर त्या चमूतील पदे संपतात. शिवाय प्रत्येक अनुदानासोबत इमारत, वीज, ग्रंथालय, हिशेब, सुरक्षा इत्यादींसाठी अप्रत्यक्ष खर्चाची रक्कम मिळते. त्यावर असंख्य प्रशासकीय नोकऱ्या चालतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ही रक्कम मूळ खर्चाच्या १५ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले, तेव्हा विद्यापीठांनी न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने त्या निर्णयाची अंमलबजावणी रोखली. प्रयोगशाळेत कधीही पाऊल न टाकणाऱ्या लिपिकाचे वेतनही संशोधनधोरणाशी कसे बांधलेले असते, हे यावरून स्पष्ट होते.

मार्च २०२५ मधील घटना याहून गंभीर होती. अमेरिकी सरकारने परदेशी विकासमदतीच्या यंत्रणेचा निधी थांबविल्याने हॉपकिन्सला ८० कोटी डॉलरहून अधिक अनुदानास मुकावे लागले. परिणामी २ हजारांहून अधिक पदे रद्द झाली. त्यांपैकी २४७ पदे अमेरिकेतील होती आणि १,९७५ पदे अन्य ४४ देशांतील होती. म्हणजेच आघात झालेल्या दर दहा व्यक्तींपैकी जवळजवळ नऊ व्यक्ती अमेरिकेबाहेर काम करणाऱ्या होत्या. पोलाद कारखाना बाजारपेठेवर अवलंबून होता. विद्यापीठीय संशोधन सार्वजनिक धोरणावर अवलंबून आहे. दोहोंपैकी कोणताही आधार अढळ नाही, हे मान्य करूनच या क्षेत्रातील संधींचा विचार केला पाहिजे.

संस्था आणि तिचा शेजार

हॉपकिन्स रुग्णालय पूर्व बाल्टिमोरच्या गरीब, मुख्यतः कृष्णवर्णीय वस्तीत उभे आहे. या वस्तीतील रहिवाशांच्या मनात रुग्णालयाविषयी दीर्घकाळ दुरावा राहिला. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय रुग्ण स्त्रीच्या पेशी तिच्या संमतीवाचून संशोधनासाठी वापरल्या गेल्या, ही घटना त्या दुराव्याचे एक कारण आहे. २००० च्या दशकात रुग्णालयाच्या उत्तरेकडील भागाचा पुनर्विकास सुरू झाला. जैवतंत्रज्ञान उद्यानातून हजारो रोजगार निर्माण होतील असे सांगितले गेले आणि शेकडो कुटुंबांना स्थलांतर करावे लागले. नव्या प्रयोगशाळांतील पदांसाठी लागणारे शिक्षण स्थलांतरितांपैकी कितीजणांजवळ होते, हा प्रश्न तेव्हाच उपस्थित झाला होता. जवळ नोकरी असणे आणि ती आवाक्यात असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

एप्रिल २०१४ मध्ये रुग्णालयातील सफाई, भोजनसेवा व तंत्रसाहाय्य या विभागांतील सुमारे २ हजार कर्मचाऱ्यांच्या संघटनेने तीन दिवसांचा संप केला. पंधरा वर्षे सेवा झालेल्या कर्मचाऱ्याला ताशी किमान १५ डॉलर मिळावेत, ही त्यांची प्रमुख मागणी होती. इतकी सेवा होऊनही तेवढे वेतन मागावे लागणे यातच खालच्या स्तरावरील साचलेपण दिसून येते. त्याच वर्षी जुलैमध्ये तडजोड झाली. एप्रिल २०१५ मध्ये फ्रेडी ग्रे या तरुणाच्या पोलीस कोठडीत झालेल्या जीवघेण्या दुखापतीनंतर शहरात उद्रेक झाला. त्यानंतर काही महिन्यांनी हॉपकिन्सने ‘हॉपकिन्सलोकल’ हा उपक्रम जाहीर केला. बांधकामाची कंत्राटे, नोकरभरती आणि खरेदी या तिन्हींत शहरातील वंचित वस्त्यांना वाटा देणे, हे त्याचे सूत्र होते. निवडक प्रारंभिक पदांपैकी ४० टक्के पदे अशा वस्त्यांतील उमेदवारांमधून भरण्याचे लक्ष्य २०१८ पर्यंतच्या कालावधीसाठी ठेवण्यात आले.

याखेरीज दोन प्रथा उल्लेखनीय आहेत. शिक्षा भोगून आलेल्या व्यक्तींना गुन्ह्याचे स्वरूप आणि पदाची जबाबदारी यांचा साकल्याने विचार करून नोकरी देण्याचे धोरण हे रुग्णालय अनेक वर्षे राबवीत आले आहे. दुसरी प्रथा अंतर्गत प्रशिक्षणाची. ‘रीच’ नावाच्या प्रकल्पात सफाई वा भोजनसेवेतील कर्मचाऱ्यांना कामाच्या आठवड्यातील काही तास वेतनासह शिक्षणासाठी मोकळे करण्यात आले, जेणेकरून ते तंत्रज्ञ वा परिचारिका-सहायक यांसारख्या पदांपर्यंत जाऊ शकतील. यातील ‘वेतनासह’ हा शब्द निर्णायक आहे. शुल्कमाफी दिली तरी दोन नोकऱ्या करून घर चालविणाऱ्या कर्मचाऱ्याजवळ वर्गात बसण्यास वेळ नसतो. वेळ उपलब्ध करून देणे हीच खरी शिष्यवृत्ती ठरते.

परदेशी उमेदवार आणि पुण्याचा संबंध

भारतीय पदवीधरांच्या दृष्टीने या क्षेत्रातील प्रवेशाचे मार्ग भिन्न आहेत. डॉक्टरांना परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठीचे प्रमाणपत्र व अमेरिकी परवाना परीक्षा यांतून जावे लागते आणि निवासी पदासाठी १९५२ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय जुळणी प्रक्रियेत सहभागी व्हावे लागते. परिचारिकांना तेथील परवाना परीक्षा द्यावी लागते. जे-१ व्हिसावर प्रशिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांना सवलत न मिळाल्यास दोन वर्षे मायदेशी परतणे बंधनकारक असते. संशोधकांसाठी विद्यापीठे अधिक सुलभ ठरली, कारण २००० च्या कायद्यान्वये विद्यापीठे व त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्था एच-१बी व्हिसाच्या वार्षिक संख्यामर्यादेतून वगळल्या गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र परदेशातून येणाऱ्या नव्या एच-१बी उमेदवारांसाठी १ लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली आणि या वाटेवर मोठा अडसर उभा राहिला.

अशा विद्यापीठाचा रोजगार केवळ त्याच्या देशातच निर्माण होतो असेही नाही. पुण्यातील बै. जी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व ससून रुग्णालय यांच्यासमवेत जॉन्स हॉपकिन्सचे एचआयव्ही व क्षयरोग या विषयांवरील संशोधनसहकार्य दीर्घकाळ चालू आहे. अशा संशोधनाला समुपदेशक, परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि मराठीतून रुग्णांशी बोलून संमती व माहिती घेणारे कर्मचारी लागतात. अनुदानावर आधारित पदांचे फायदे आणि अस्थैर्य हे दोन्ही त्यामुळे महाराष्ट्रालाही अपरिचित नाहीत.

महाराष्ट्राच्या संदर्भात

महाराष्ट्रात १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये पारंपरिक विद्यापीठांपासून वेगळी होऊन त्यास संलग्न झाली. परीक्षा व अभ्यासक्रम यांत त्यामुळे एकसूत्रता आली. तथापि मुंबई वा पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्र, समाजशास्त्र, रसायनशास्त्र किंवा व्यवस्थापन विभाग आणि रुग्णालय यांच्यातील संस्थात्मक दुवा उरला नाही. वर वर्णिलेल्या चौथ्या स्तरावरील पदे ज्या संयोगातून जन्मतात, तो संयोग आपल्याकडे दुर्मीळ आहे. बनारस हिंदू विद्यापीठ किंवा अलीगढ मुस्लिम विद्यापीठ यांच्यासारख्या केंद्रीय विद्यापीठांत तो टिकून आहे. महाराष्ट्रात लोणी, कराड, सावंगी (मेघे) येथील अभिमत विद्यापीठे ग्रामीण परिसरात रुग्णालय व विद्यापीठ एकत्र चालवितात; त्यांच्या रोजगाररचनेचा अभ्यास या दृष्टीने फलदायी ठरेल.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत नियमित पदे शासनाच्या भरतीप्रक्रियेतून भरली जातात, तर सफाई व सुरक्षा यांसारखी कामे अनेक ठिकाणी कंत्राटदारांमार्फत होतात. कंत्राटी कर्मचारी हा संस्थेचा कर्मचारीच नसल्याने त्याच्यासाठी पदोन्नतीची पायरी असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. थॉमस यांचे नाव निदान वेतनपत्रकावर होते, मग ते चुकीच्या रकान्यात का असेना. कंत्राटी कामगाराचे नाव तेथेही नसते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. विद्यापीठीय वैद्यकीय केंद्रातील रोजगार डॉक्टर व प्राध्यापक यांच्यापुरता मर्यादित नसून मध्यम कौशल्याची पदे हा त्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या पदवीधरांना त्यात मोठा वाव आहे.

२. या नोकऱ्यांचे स्थैर्य पदनामावर नव्हे तर वेतनाच्या स्रोतावर अवलंबून असते. विद्यार्थ्यांना करिअर मार्गदर्शन करताना अध्यापकांनी पदाबरोबर त्यामागील निधीचे स्वरूपही समजावून देणे आवश्यक आहे.

३. खालच्या स्तरावरून वर जाण्याची वाट आपोआप निर्माण होत नाही. हॉपकिन्समध्ये ती देणगीदाराच्या अटीमुळे, कामगारांच्या संपामुळे, शहरातील उद्रेकानंतर किंवा वेतनासह प्रशिक्षणाच्या योजनेमुळे, म्हणजे प्रत्येक वेळी कोणाच्या तरी जाणीवपूर्वक प्रयत्नामुळे खुली झाली.

४. महाराष्ट्रातील महाविद्यालयांना नजीकच्या रुग्णालयांशी करार करून तेथील सेवाकर्मचाऱ्यांसाठी अल्पमुदतीचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालविता येतील. त्यासाठी मोठ्या निधीपेक्षा कर्मचाऱ्याचे नाव नियमित वेतनपत्रकावर असणे आणि त्याला आठवड्यातील काही तास मोकळे मिळणे, या दोन गोष्टींची अधिक आवश्यकता आहे.